आत्याबरोबर दुसरं कोण?

जयवंता संध्याकाळी चौक गावच्या नाक्यावर उभी राहणार, ही बातमी घरात सर्वांत शेवटी तिच्या भावाला, हिरामणला कळली, आणि तीसुद्धा न्हाव्याकडून. एका गालावर साबण तसाच होता आणि न्हावी आरशातून विचारत होता, "हिरामणदादा, ताई आज बोर्ड घेऊन येणार म्हणं?" हिरामण "येणारच" म्हणून मोकळा झाला. घरची गोष्ट बाहेरून कळली तर ती आपल्याला आधीच ठाऊक होती असं दाखवायचं, ही त्यांच्या बापापासूनची रीत. घरी पोचेपर्यंत मात्र त्याचे दोन्ही कान तापले होते.

"सुनंदा, तुला ठाऊक होतं?"

सुनंदा मागच्या पडवीत लेकीच्या, सुरभीच्या, लग्नाचे पापड उलटत होती. लग्न महिनाअखेरीला आणि नवरदेवाची सुट्टीच रद्द झालेली, तरी तिनं पापड थांबवले नव्हते. पापड थांबले की लग्नही थांबेल अशी तिला धास्ती.

"काल कळलं. बोलले असते तर तुमीच म्हणाला असता, नणंदेवर उठली."

"आणि सुभेदारांना मी काय सांगून बसलोय!"

सुभेदार म्हणजे कर्जतजवळच्या कोंडाण्याचे तुळशीराम, सुरभीचे होणारे सासरे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचा कल्पेशही फौजेत. सीमेवर तोफा सुरू झाल्यापासून तो तिकडंच कुठंतरी होता, आणि 'कुठंतरी' यापलीकडं घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. आदल्या दिवशी सुभेदारांचा फोन आला होता. त्यांनी आवाज चढवला नाही, पण शब्द तोलून वापरले. "तुमच्या ताईंची ख्याती आमाला ठाऊक हाय. यंदा त्यांनी काय केलं तर माझ्या पोराला तिथं मान खाली घालावी लागंल. मग या सोयरिकीचा आमाला परत विचार करावा लागंल." त्यावर हिरामणनं छातीठोकपणे सांगितलं होतं, ताईचं वय झालं, यंदा ती घराबाहेरसुद्धा पडत नाय.

आता जयवंताची ख्याती काय, ते सांगायचं तर तिनं जन्मात नोकरी केली नाही, लग्न केलं नाही आणि निवडणूक जिंकली नाही. यांपैकी कशाचंच तिला वाईट वाटल्याचं कुणी पाहिलेलं नाही. बाकी सगळं केलं. परकरात होती तेव्हा लाल बावट्याच्या मोर्चात शिरली ती कायमचीच. वीटभट्टीवरच्या कातकरी बायकांच्या मजुरीसाठी भट्टीमालकाच्या ओट्यावर तीन रात्री झोपली. रसायनीच्या कारखान्यांच्या गेटवर ती बोलायला लागली की सुटलेली पाळी घरी जायची विसरे. आणीबाणीत आत गेली आणि बाहेर आली तेव्हा उत्तम भरतकाम शिकून आली होती, ते मात्र तिनं पुन्हा कधी केलं नाही. आणि लढाई जगात कुठंही लागो, जयवंता चौकच्या नाक्यावर उभी. बाँबची चाचणी झाली, लोक पेढे वाटत होते, तेव्हा ही उभी होती. कुणीतरी शेण मारलं. इराकवर हल्ला झाला तेव्हाही उभी होती. निम्म्या बाजारानं तेव्हा विचारलं होतं, "इराक म्हणजे पेणच्या पुढं का?" तिनं न रागावता सांगितलं, बरंच पुढं.

उभं राहण्याचे तिचे स्वतःचे कायदे होते. पाळी सुटायच्या वेळेला, तासभर, तोंडातून चकार शब्द न काढता. आणि कधीही एकटीनं नाही. "एकटी उभी राहिली तर लोक म्हणतात, बाई येडी हाय. दोघी उभ्या राहिल्या की ती सभा होते," असं ती सांगायची. इतकी वर्षं ही दुसरी म्हणजे कर्जतची सफुरा. सफुराच्या नवऱ्याचं, बद्रुद्दीनचं, बांगड्यांचं दुकान होतं, आणि नाक्यावर येताना ती न चुकता नव्या बांगड्या घालून यायची.

हिरामणला हा कायदा आठवला तो भाताचा दुसरा घास घेताना, आणि त्याचा चेहरा उजळला.

"सफुराबाई येणार हाय का आज?" त्यानं हळूच विचारलं. जयवंता अजून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होती.

"नाय," त्यांचा मुलगा साईराज म्हणाला. "आत्यानंच तिला नको सांगितलंय. या दिवसांत तिच्या घरावर दगड येतील म्हणून."

"मग दुसरं कोण?"

हिरामणनं सगळ्यांच्या तोंडाकडं आळीपाळीनं पाहिलं. "मग झालं तर. भांडायचं नाय, अडवायचं नाय. आपल्यातलं कुणी तिच्याबरोबर जायचं नाय, एवढंच. स्वतःचा कायदा ती मोडणार नाय. काय सुनंदा?"

"मी कशाला जातेय मरायला," सुनंदा म्हणाली.

"साईराज?"

साईराजचं हमरस्त्यावर गॅरेज होतं. नाक्यावरची पोरं त्याची गिऱ्हाइकं आणि मित्रही. तो ताटातल्या आमटीकडं पाहत "नाय ना" म्हणाला. सुरभीला कुणी विचारलंच नाही. तिचा फोन तिच्या ताटाशेजारी उपडा पडला होता आणि परवापासून तो वाजला नव्हता.

*

साईराज खोटं बोलला नव्हता, पण सगळं खरंही बोलला नव्हता. आत्याबरोबर उभं राहायची त्याची छाती नव्हती. मात्र तिच्या अंगाला कुणी हात लावू नये यासाठी त्यानं सकाळीच एक युक्ती केली होती. आत्याचा तो हातानं 'युद्ध नको' रंगवलेला जुना पुठ्ठ्याचा बोर्ड पाहिला की लोकांना वाटतं, ही विरोधातली. तेच छापील बॅनर असलं तर वाटतं, कुणाचा तरी कार्यक्रम हाय. आपल्याकडं बॅनरला कुणी हात लावत नाही. त्यामागं कोण उभं आहे ते सांगता येत नाही. दुपारी तो बॅनरवाल्याकडून गुंडाळी घेऊन आला आणि आत्याच्या खोलीत उलगडून बसला.

जयवंतानं चष्मा लावला.

बॅनरवर वरच्या बाजूला दोन लढाऊ विमानं धूर सोडत चालली होती. उजवीकडं सिंह डरकाळी फोडत होता. मधल्या सोनेरी गोलात जयवंताचा आधारकार्डावरचा फोटो होता, त्यात ती पकडून आणल्यासारखी दिसत होती. खाली मोठ्या अक्षरांत 'युद्ध नको, शांती हवी' आणि त्याच्याखाली 'आमच्या सर्वांच्या लाडक्या जयाआत्या यांना हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक, साईराज मित्र मंडळ, चौक.'

"विमानं कशाला रं?" तिनं विचारलं.

"मी फक्त बोललो, युद्धाबद्दल हाय. बाकी त्यानं त्याच्या मनानं टाकलं."

"आणि सिंह?"

"सिंह तो सगळ्यांनाच टाकतो."

जयवंता हसायला लागली. आधी आवाज न करता, मग खांदे हलवत, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. साईराज आधी ओशाळला आणि मग त्यालाही हसू फुटलं. हसणं ओसरल्यावर तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी मोर्चात तो तिच्या खांद्यावर बसायचा आणि घोषणांच्या मधेच तिच्या केसांत झोपी जायचा.

"तुझ्या गिऱ्हाइकांनी उद्यापासून येणं बंद केलं तर? यावर तुझं नाव हाय."

"ते मी धरूनच चाललोय," तो म्हणाला, आणि आपण किती बोलून गेलो हे लक्षात येऊन गॅरेजात निघून गेला.

*

तो गेला आणि सुरभी आत आली. ती दाराआडच उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण केस नीट विंचरून तिनं घट्ट बांधले होते.

"आत्या, मी येते तुझ्याबरोबर."

"कुठं?"

"कुठं काय विचारतेस? नाक्यावर."

जयवंतानं तिला शेजारी बसवलं. "कल्पेशचा फोन?"

"नाही आला. टीव्हीवर ती माणसं ओरडतात ना, आता घुसा, आता संपवा, तेव्हा मला वाटतं टीव्हीच फोडून टाकावा. घुसा म्हणजे कोण घुसणार? हा माणूस कसला घुसतोय. पालीला घाबरतो तो."

"खरंच?"

"साखरपुड्याला आमच्या न्हाणीघरातून पळून आला होता. कुणाला सांगू नकोस म्हणाला." ती हसली आणि लगेच तिचा चेहरा रडवेला झाला. जयवंतानं तिला जवळ घेतलं, रडू दिलं. गेटवरच्या सभांमध्ये हजारो माणसांना गप्प करणाऱ्या या बाईला रडणाऱ्या माणसाला गप्प करणं कधी जमलं नाही, आणि ते तिला ठाऊक होतं.

"तू यायचं नाय," ती शेवटी म्हणाली.

"का? मला तर सगळ्यांपेक्षा जास्त हक्क आहे."

"हक्क हाय. पण तू आलीस तर सुभेदार लग्न मोडतील. तो पोरगा तिथं एकटा असेल, आणि त्याला ही बातमी कळंल. तुला चालंल?"

सुरभीनं डोळे पुसले.

तेवढ्यात सफुराचा फोन आला. जयवंता फोन कानाला न लावता हातात धरून बोलते, त्यामुळं पलीकडचं सगळं घरभर ऐकू जातं.

"जया, माझा नौमान म्हणतो, दादी, गाडी काढतो, चल. येऊ का?"

"नको गं सफुरा. पोरं काय काय बोलतात ते ऐकलं ना तू?"

"मला बोलतील ते मी सोसेन. तुझ्यावर शेण आलं तेव्हा कुणाच्या ओढणीनं पुसलंस?"

"तुझ्या."

"मग माझ्यावर आलं तर तू पदरानं पुसशील. हाय काय त्यात?"

"शेण असतं तर बोलावलंच असतं," जयवंता म्हणाली. "आता शेणावर थांबत नाय कुणी. नौमानचं दुकान हाय, त्याच्या बायकोच्या, इक्राच्या, पोटात पोर हाय. मला नाय सोसायचं."

मग सफुरा म्हणाली, "एवढ्या वर्षांत पयल्यांदा तू मला मुसलमान म्हणून बाजूला काढलंस. मायेनं काढलंस, ठाऊक हाय. पण लागलं." आणि थोड्या वेळानं, "एकटी जाऊ नको हां. कायदा तूच केलास."

फोन ठेवून जयवंता उठली. बॅनर नीट गुंडाळून तिनं कपाटावर ठेवलं. जुना बोर्ड दाराशी काढून ठेवला होता, तो भिंतीकडं तोंड करून उभा केला. बाहेर पडवीत हिरामण पेपरात तोंड खुपसून बसला होता.

"नाय जात रं मी," ती म्हणाली. "तुझ्या व्याह्यांना सांग."

*

सुनंदाची चूल पेटलेली होती, चहा उकळत होता, आणि मनासारखं झालं होतं. नवी नवरी म्हणून ती या घरात आली आणि महिन्याभरात या नणंदेनं नवऱ्याच्याच कारखान्यात संप पुकारला. सुनंदानं नव्या नवलाईत कण्यांची पेज खाल्ली. घरात चार पाहुणे आले तर त्यांतले तीन पार्टीचे असायचे आणि तिघांनाही भूक असायची. इतक्या वर्षांत नणंदेनं एक भाकरी थापली नाही, आणि थापली ती जळली. आज पहिल्यांदा सुनंदाची जीत झाली होती. तिनं चहात साखर जरा जास्तच टाकली.

चहा घेऊन ती बाहेर आली तर जयवंता पडवीत बसली होती. नुसती बसली होती. हातात पेपर नाही, फोन नाही. तळवे मांडीवर उताणे. रस्त्यावरून पाळी सुटलेल्यांची पहिली बस गेली, तरी तिनं मान वळवली नाही. सुनंदानं तिला आजारी पाहिली होती, मार खाऊन आलेली पाहिली होती, पण अशी रिकामी कधी पाहिली नव्हती. एकदम तिला वाटलं, ही म्हातारी झाली, आणि आपणच केली.

तिला सुरभीचं बारसं आठवलं. मुलगी झाली हे जयवंतानं गेटवरच्या सभेत दोन मागण्यांच्या मधे माइकवरून सांगितलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि तिनं मनात 'शांती' नाव धरलं होतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. सुनंदाला ते म्हातारं नाव नको होतं, पण आत्याच्या हक्कापुढं बोलायची सोय नव्हती. ती कोपऱ्यात डोळे पुसत बसली होती. पाळण्याशी वाकता वाकता जयवंतानं एकदा तिच्याकडं पाहिलं आणि बाळाच्या कानात 'सुरभी' म्हणून सांगितलं. त्यावर पुढं कधी शब्द काढला नाही. पोलिसापुढं, मालकापुढं, कुणापुढं न वाकलेली ही बाई दोनदाच वाकली होती, त्या बारशाला आणि आज, आणि दोन्ही वेळा सुनंदासाठी.

हिरामणचा फोन वाजला. कोंडाण्याहून सुभेदार होते. हिरामण उभा राहून बोलत होता. "हो हो, नाय जात. घरीच हाय. मी बोललो होतो ना तुमाला." मग त्यानं चुकून नको ते बटण दाबलं आणि सुभेदारांचा आवाज मोठ्यानं पडवीत आला. "चांगलं केलंत, बाईला आवरलंत ते. लग्नातपण त्यांना जरा आतच बसवा. मांडवात आमचे फौजेतले लोक असतील."

हिरामण बटणं शोधत राहिला. सुनंदानं चहाचा कप खाली ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्या हातातून फोन घेतला. व्याह्यांशी ती आजवर 'बरं हाय' यापलीकडं बोलली नव्हती.

"दादा, मी सुनंदा बोलते. आवरायला ती काय म्हैस हाय का? सुरभीची आत्या हाय ती. पोरीचं नाव तिनं ठेवलंय. ती मांडवात पुढं बसणार. तिला आत बसवायची तर मग मीपण आतच बसते, तुमी फौजेचे लोक घेऊन लग्न लावा."

तिनं फोन हिरामणच्या हातात दिला. हिरामणला वाटलं, आपण बसावं, आणि तो बसला.

"सुनंदा, पोरीचं लग्न हाय गं," जयवंता म्हणाली.

"म्हणूनच. उद्या सासरी माझ्या पोरीनं काय बोलायचं ठरवलं तर तिलापण आवरतील." ती आत गेली, तोंड धुतलं, लग्नासाठी घेतलेलं नवं लुगडं न नेसता रोजचंच नीट नेसून आली आणि भिंतीकडं वळवलेला बोर्ड उचलला. "चला वन्सं. माझ्याच्यानं बोलायचं नाय होणार, आधीच सांगते."

"बोलायचंच नसतं," जयवंता म्हणाली.

*

नाक्यावर त्या उभ्या राहिल्या तेव्हा वडापावच्या गाडीभोवतीची सगळी माणसं वळून बघायला लागली. एक जण मोटारसायकलवरून "पाकिस्तानात जा" ओरडून गेला. दुसऱ्यानं गाडी हळू केली, पण समोर गॅरेजच्या दारात साईराज हातात पाना घेऊन उभा दिसला तसा तो पुढं सरकला. सुरभी त्याच्याशेजारी होती. हिरामण न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसला, आणि न्हाव्यानं काही विचारायच्या आत म्हणाला, "मीच पाठवलंय."

अर्धा तास गेला असेल नसेल, कर्जतकडून सुभेदारांची स्कूटर आली. ते उतरले, ताठ चालत आले आणि दोघींच्या पुढ्यात उभे राहिले. नाक्यावरची बडबड थांबली.

"विहीणबाई, घरी चला. माझा पोरगा तिथं उभा हाय आणि तुमी इथं उभ्या?"

न बोलण्याचा कायदा सुनंदाला पाळायचा होता. पण तो नणंदेचा कायदा होता, तिचा नव्हे.

"दादा, तो तुमचा पोरगा हाय, तसा माझा जावई हाय. तो सुखरूप यावा म्हणून मी कडावच्या गणपतीला नवस बोलले. देवाला सांगून झालं. आता माणसांना सांगते."

सुभेदारांनी बोर्डाकडं पाहिलं, मग सुनंदाच्या तोंडाकडं. रात्री त्यांच्या घरात काय होत होतं ते त्यांनाच ठाऊक. त्यांची बायको आठवडाभर झोपली नव्हती. "मला हे पटत नाय," ते हळू म्हणाले. "साफ पटत नाय." मग त्यांनी स्कूटर गॅरेजच्या सावलीत लावली. सुरभीनं खुर्ची दिली, तिच्यावर ते नाक्याकडं तोंड करून बसले. गाडी हळू करणाऱ्या पोरांकडं ते असं काही बघत होते की एकही थांबला नाही. सुरभीनं पाणी दिलं, तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "फोन आला का गं पोरी?" तिनं मान हलवली. "मलापण नाय आला," ते म्हणाले, आणि शेजारची दुसरी खुर्ची तिच्यासाठी ओढली.

तास झाला. जयवंतानं बोर्ड खाली घेतला आणि सुनंदाच्या कानाशी हळूच म्हणाली, "चल, झाला तास."

सुनंदानं बोर्ड तिच्या हातून घेऊन परत वर धरला.

"थांबा वन्सं. व्याही बघतायत. आता निघालो तर म्हणतील, बायका दमल्या."

आणि जयवंता, जिला पन्नास वर्षांत कुणाचा हुकूम मानवला नव्हता, निमूटपणे तिच्या शेजारी उभी राहिली.